टोपलीतून आधी उतरलेला

हॅनोव्हरमध्ये मी ज्या घरात वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहत होतो, त्या घराचे मालक रोज सकाळी उठले की आधी खिडकी उघडायचे आणि बोट ओलं करून बाहेर धरायचे. वारा कुठून येतोय ते बघायला. मग समोरच्या धुराड्याकडे बघायचे, मग ढगांकडे, आणि हे सगळं यथासांग झालं की बायकोकडे वळून सुप्रभात म्हणायचे. बाईंना हा क्रम पाठ होता. धुराड्यापर्यंत पोचले की त्या कॉफी कपात ओतायला लागायच्या.

साठ सालाच्या आगेमागची ही गोष्ट. मी पुण्याहून तिथल्या तांत्रिक विद्यापीठात रबर लावलेल्या कापडावर प्रबंध करायला गेलो होतो. वय सव्वीस, अंगात रग, आणि आपण कुणापेक्षा काही कमी नाही हे उठसूट दाखवून द्यायची खुमखुमी. प्रयोगशाळेत कुणी मला समजावून सांगायला लागलं की माझं डोकं तापायचं. समजलं नसलं तरी मी 'हो, माहीत आहे' म्हणायचो आणि मग दोन दिवस ग्रंथालयात घाम गाळायचो.

घरमालक सत्तरीचे होते. आयुष्यभर नकाशे काढायची नोकरी केलेली, पण खरा जीव बलूनमध्ये. पहिलं महायुद्ध व्हायच्या आधीपासून ते गॅसच्या बलूनमधून उडत होते. गावच्या गॅस कारखान्यात नळी लावायची, कापडाचा तो प्रचंड गोळा भरायचा, खाली वेताची टोपली बांधायची आणि वारा नेईल तिकडे जायचं. ना इंजिन, ना सुकाणू. मी घरच्या पत्रांत त्यांना 'आमचे फुगेवाले' म्हणायचो. त्यावर वडिलांचं उत्तर आलं होतं, 'तुला विद्यापीठात पाठवलं आहे की जत्रेत, ते एकदा कळव.'

रविवारी दुपारी चार वाजता मला खाली कॉफी आणि केकचं बोलावणं असायचं. चार म्हणजे चार. फुगेवाले टेबलाच्या टोकाला बसून गोष्टी सांगायचे, आणि त्या गोष्टींत कुणी ना कुणी मरायचंच. केक खाता खाता मी इतकी मरणं ऐकली की सुरुवातीला घास उतरत नसे. पुढे सवय झाली.

अगदी पहिल्या पिढीतले लोक, ते सांगायचे, कागद आणि कापडाची पिशवी करून तिच्याखाली गवत पेटवायचे. वर कागद आणि खाली जाळ, तरी शहाणीसुरती माणसं त्यात पाय ठेवायची. नंतर हलका वायू सापडला, तर एकाला वाटलं की दोन्ही एकत्र करावं. वर भक्कन पेटणारा वायू आणि त्याच्या खाली शेगडी. मी म्हटलं, हे म्हणजे रॉकेलच्या पिंपाखाली चूल मांडण्यासारखं झालं. "गेनाऊ," ते म्हणाले, "तसंच झालं." एक बाई बलूनमधून शोभेची दारू उडवून लोकांची करमणूक करायची. एका संध्याकाळी बलूननंच पेट घेतला, आणि खालचे लोक टाळ्या वाजवत राहिले. त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला. आणि कुठे सुखरूप उतरलाच बलून, तर खेड्यातली माणसं दाताळी घेऊन धावायची. आकाशातून आलेलं जनावर समजून त्याला भोसकायची.

ही झाली ऐकीव मंडळी. त्यांच्या स्वतःच्या वेळची माणसं निराळी. त्यांच्याविषयी बोलताना ते केकला हात लावत नसत. एक मित्र धुक्यात भोंगे ऐकून खूश झाला, आगगाडीचं स्टेशन जवळ आलं म्हणून. ते भोंगे जहाजांचे होते आणि खाली समुद्र होता. दुसरा फार वर गेला. "वर हवा विरळ झाली की माणूस घाबरत नाही," ते म्हणाले, "उलट त्याला फार आनंद होतो. आमचा हा टिपणवहीत लिहीत होता, किती छान वाटतंय म्हणून. अक्षर खाली घसरत गेलं आणि ओळ तिथेच संपली." तिसरा उतरला होता, जमिनीवर होता, हसत होता. कोरडी थंडी होती, कापडावर कापड घासलं, ठिणगी पडली. आणि एक तर उडणाऱ्यांतला नव्हताच. उड्डाणाच्या वेळी दोर धरायला आलेला सुतार. वावटळ आली, बाकीच्यांनी दोर सोडले, ह्यानं इमानानं धरून ठेवला. वर जाताना सोडावा की धरावा, हे ठरवायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सोडण्यात अर्थ उरला नाही.

मी इंजिनियर. प्रत्येक मरणाचं कारण काढून दाखवायचो. कापडाला असा लेप हवा होता, झडप अशी हवी होती. ते शांतपणे ऐकून घ्यायचे. "आल्झो, हे बघा, कारणं आम्हालाही कळली," ते एकदा म्हणाले. "पण ती नंतर. कुणीतरी आधी मरून ती कळवावी लागायची."

बाई ह्या गोष्टींत सहसा बोलत नसत. फक्त चूक झाली की दुरुस्त करायच्या. "आठ नाही, सातच पिशव्या वाळू होती त्या दिवशी." किंवा, "वारा वायव्येचा होता." लग्नाआधीपासून त्या ह्या माणसाची वाट बघत आलेल्या. पूर्वी उतरल्यावर तार यायची, नंतर टेलिफोन. तो टेलिफोन ते नेहमी स्वतः करायचे, दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. घरी थांबलेल्या माणसानं आधी आवाज ऐकला पाहिजे, असा त्यांचा नियम होता.

त्या वर्षी पानं पिवळी पडायला लागली तेव्हा बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाल्या, ह्यांचा उजवा खांदा गेला आहे. कोपर खांद्याच्या वर जात नाही. बलून मंडळाच्या लोकांपासून लपवतात. उडायचा परवाना वर्षअखेर संपतो, पुढच्या तपासणीत डॉक्टर तो देणार नाही, हे त्यांनाही कळून चुकलंय. तेव्हा एकदा, शेवटचं, जायचं म्हणतात. बरोबरचा नेहमीचा माणूस दुसऱ्या गावी गेला, आणि ते एकटे जायच्या गोष्टी करतायत.

"बलूनमध्ये एक तांबडी दोरी असते," बाई म्हणाल्या. "उतरताना जमिनीजवळ ती ओढली की कापडाचा एक पट्टाच्या पट्टा फाटून निघतो आणि सगळा गॅस जातो. ती ओढायला दोन धड हात लागतात. तुम्ही जा त्यांच्याबरोबर. पण मी पाठवलं हे त्यांना कळता कामा नये. त्यांना हाताची गरज आहे असं कुणाला वाटतं, हे त्यांना सहन व्हायचं नाही."

मी छाती फुगवून हो म्हटलं. रविवारी टेबलावर आपणहून विषय काढला. मला एकदा न्याल का? त्यांचा चेहरा असा उजळला की मला थोडी लाज वाटली.

निघायच्या दिवशी सकाळी गॅस कारखान्यामागच्या कुरणावर मंडळाची माणसं जमली. बलून भरायला तासन्‌तास लागले. त्या वेळात फुगेवाल्यांनी माझे खिसे तपासले, काडीपेटी काढून घेतली, बुटांच्या तळव्यांना खिळे आहेत का ते पाहिलं. आणि एकच नियम तीन वेळा सांगितला. "मी 'उतरा' म्हणेपर्यंत टोपलीतून उतरायचं नाही. जमिनीवर असलो तरी नाही. घर आलं तरी नाही. टोपलीतला माणूस म्हणजे वजन. एक वजन गेलं की उरलेला वर जातो." तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी जरा फणकारलोच. म्हटलं, मला भौतिकशास्त्र येतं.

मग टोपलीतून एकेक वाळूची पिशवी काढत गेले. चार माणसांनी टोपली धरून ठेवली होती, ती शेवटी दोघांच्या बोटांवर तरंगायला लागली. फुगेवाल्यांनी डावा हात वर करून सांगितलं, सोडा. मला वाटलं होतं धक्का बसेल, पोटात खड्डा पडेल. तसलं काही नाही. माणसंच खाली गेली. टोप्या हलवत लहान लहान होत गेली.

त्या दोन तासांइतकं सुख मला क्वचित मिळालं असेल. आपण वाऱ्याबरोबरच चाललेलो, त्यामुळे वारा लागतच नाही. खालचं सगळं ऐकू येतं. कुत्रं भुंकलेलं, कोंबडा आरवलेला, एका परसात बाईनं ओला कपडा झटकलेला. फुगेवाले माझ्या शेजारी उभे, डोक्यावर जुनी लोकरी टोपी. हातात पत्र्याचं छोटं फावडं, लहान मुलं वाळूत खेळतात तसलं. ढगाची सावली पडली की गॅस आकसतो आणि बलून खाली जायला लागतो. मग ते एक फावडं वाळू बाहेर टाकायचे, मोजून. पुन्हा उन्हात आलो की नुसते वाट बघायचे. घरात बायकोला उगाच दटावणारा, वर्तमानपत्र कुणी आधी उघडलं म्हणून कुरकुरणारा हा माणूस वर फार सभ्य होता. कुठल्या दोरीलाही तो घाईनं हात लावत नव्हता.

आम्हाला उत्तरेला, माळरानाकडे जायचं होतं. पण वर गेल्यावर वारा फिरला आणि आम्ही पूर्वेला चाललो. त्या दिवसांत पूर्वेला जाणं म्हणजे थेट सरहद्दीकडे जाणं. तिथे काटेरी तारा होत्या, पहाऱ्याचे मनोरे होते, आणि पलीकडे दुसरा जर्मनी. त्यांनी नकाशा उघडला, एका चर्चच्या मनोऱ्यावरून वेग मोजला आणि म्हणाले, "आता उतरायला हवं."

त्यांनी झाडीच्या आडोशाचं बिटाचं शेत निवडलं. झडपेची दोरी डाव्या हातानं ओढून थोडा थोडा गॅस सोडला, वेग आवरायला लांब दोर खाली सोडला, तो बिटाच्या पाल्यातून सळसळत गेला. टोपली एकदा टेकली, उचलली, पुन्हा टेकली आणि थांबली. वारा तिथे जवळजवळ नव्हताच. मी तांबड्या दोरीकडे पाहिलं. ते म्हणाले, "नको. ती ओढली तर पट्टा पुन्हा चिकटवत बसावं लागेल. शांतपणे झडपेतूनच रिकामा करू." आणि वर बघत डाव्या हातानं झडपेची दोरी धरून उभे राहिले. उजवा हात टोपलीच्या काठावर होता, तो थरथरत होता.

आणि मी उतरलो.

का उतरलो, हे मी पुढे स्वतःला हजार वेळा विचारलंय. उत्तर एवढंच आहे की आमच्याकडे टांगा थांबला की तरण्या पोरानं आधी उडी मारायची, वळायचं आणि वडीलधाऱ्यांना हात द्यायचा. माझ्या वडिलांचे गुडघे दुखायचे. दहाव्या वर्षापासून मी त्यांच्या आधी खाली उडी मारत आलो होतो. त्यात विचार करण्यासारखं काही नसतंच. टोपली थांबली, म्हातारा माणूस, थरथरता हात, आणि माझे पाय बिटाच्या मातीत. वळून मी हात पुढे केलासुद्धा.

टोपली माझ्या छातीपर्यंत आली. मग तोंडापर्यंत. मी काठ पकडला आणि दोन्ही हातांनी लोंबकळलो. वाटलं, माझ्या वजनानं खाली येईल. पण तिनं वर जायचा वेग घेतला होता. आली नाही. पायाखालची माती सुटली. फुगेवाले खाली वाकले, आणि त्यांचा चेहरा मला इतक्या जवळून कधीच दिसला नव्हता. "सोड!" ते ओरडले. "हात सोड!" मी सोडला नाही. तेव्हा त्यांनी ते पत्र्याचं फावडं उचललं आणि माझ्या बोटांवर मारलं. एकदा, दोनदा. दुसऱ्यांदा धारेनं.

मी गोठ्याच्या छपराएवढ्या उंचीवरून पाल्यावर आदळलो. घोटा मुरगळला, बोटांतून रक्त यायला लागलं. उताणा पडून वर पाहिलं तर टोपलीचा तळ दिसत होता, वेताची वीण दिसत होती, आणि ती झपाट्यानं लहान होत होती. थोड्या वेळानं वरच्या वाऱ्यात सापडून ती पूर्वेकडे सरकायला लागली. सत्तर वर्षांचा माणूस, एका हाताचा, एकटा. आणि मी शेतात बसून अक्षरशः बोंब मारत होतो. मराठीत.

शेतकऱ्यानं मला ट्रॅक्टरवर घालून घरी नेलं. त्याच्या ओट्याशी टेलिफोन होता. बाईंनी पहिल्याच घंटेला उचलला, आणि त्यांना ऐकू आला तो माझा आवाज. आधी फुगेवाल्यांचा आवाज, हा नियम मोडला होता. मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. म्हटलं, "त्यांना हात द्यायला मी आधी उतरलो."

मला वाटलं त्या रडतील, शिव्या देतील. त्यांनी विचारलं, "वाळूच्या पिशव्या किती उरल्यात?"

"तीन."

"ऊन आहे?"

"आता ढग आले."

"झडपेची दोरी कुठल्या बाजूला बांधली आहे?"

"डाव्या."

मग म्हणाल्या, ढग आले तर बलून आपणच खाली यायला लागेल, तीन पिशव्या धरून तो सरहद्दीच्या अलीकडच्या दलदलीपर्यंत टिकेल, त्याच्या पलीकडे नाही. मागून येणाऱ्या मंडळाच्या गाडीवाल्यांना तिकडे पाठवा. शेवटी म्हणाल्या, "बोटांना काहीतरी बांधा." आणि फोन ठेवला. बोटांचं मी त्यांना सांगितलं होतं की नाही, मला आठवत नाही.

आमच्या मागे रस्त्यानं येणारी मंडळाची गाडी तोवर शेतकऱ्याच्या अंगणात पोचली होती. पुढचे दोन तास मी त्या गाडीच्या मागच्या सीटवर काढले. जितके देव आठवले तितके सगळे वेठीला धरले. घरी देवपूजेच्या नावानं नाक मुरडणारा मी, पण गणपती, दत्त, मारुती, कुणाला म्हणून सोडलं नाही. दलदलीतल्या भूर्जांच्या राईत बलूनचं कापड फांद्यांवर वाळत घातल्यासारखं पसरलेलं दिसलं. टोपली आडवी. आणि तिच्याबाहेर, पाठ झाडाला टेकून, टोपी नीट घालून फुगेवाले बसलेले. आम्हाला पाहून त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "बराच वेळ लावलात." माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी मी हमसून हमसून रडायला लागलो.

त्यांच्या गळपट्टीचं हाड मोडलं होतं आणि दोन बरगड्या. पण त्यांनी काय केलं होतं ते ऐकण्यासारखं होतं. हातानं तांबडी दोरी ओढणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी ती कमरेभोवती दोन वेढे घेऊन बांधली, झाडांचे शेंडे जवळ येईपर्यंत थांबले, आणि मग टोपलीत एकदम खाली बसले. अंगाच्या वजनानं पट्टा फाटला. पन्नास वर्षांत हे कुणी केलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच सुचलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. आमच्याकडची रीत, टांगा, वडिलांचे गुडघे, सगळं व्याकरणासकट. बाई पलंगाशेजारी सफरचंद सोलत होत्या. मी म्हणालो, "मला तुम्हाला सांगायचंय की मी का उतरलो."

"मला माहीत आहे," फुगेवाल्यांनी मला थांबवलं. आवाज मऊ होता. "घाबरलात. त्यात लाज कसली? पहिल्या उड्डाणात मीही जमीन दिसल्यावर उडी मारणार होतो. एकानं माझी कॉलर धरली म्हणून वाचलो. मी तुमची धरायला हवी होती."

मी तोंड उघडलं. बाईंची सुरी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण ती सुरी थांबली. आणि मी म्हणालो, "हो. फार घाबरलो होतो."

माझ्या आयुष्यात इतकं जड वाक्य मी त्याआधी बोललो नव्हतो. परीक्षेत नापास झालो असतो तर चाललं असतं, पण भित्रा? तेही परदेशात, परक्या लोकांत? जिन्यात येऊन मी भिंतीवर मूठ आपटली, त्याच दुखऱ्या बोटांची.

मला वाटलं, इथे विषय संपला. कसला संपतोय! फुगेवाले घरी आले आणि दर रविवारी टेबलाभोवती पाहुणे यायला लागले. गोष्ट एकच. तरणा जोडीदार घाबरून उडी मारतो, आणि सत्तरीचा म्हातारा एकट्यानं, एका हातानं, सरहद्दीच्या तोंडाशी बलून उतरवतो. दर वेळी ते माझी बाजूही घ्यायचे. "भीती वाटत नाही म्हणणारा माणूस मी टोपलीत घेत नाही," असं म्हणून माझ्या खांद्यावर थोपटायचे. ते थोपटणं मला शिवीपेक्षा लागायचं. मी मूग गिळून बसायचो, केक खायचो आणि वर खोलीत जाऊन चरफडायचो. पण हेही खरं की ते आता सकाळी शीळ घालत उठायचे. परवाना संपला, बलून तर कायमचा संपला, तरी माणूस खचला नाही. ज्यानं वर्षभर लोकांपुढे उजवा हात खिशात लपवला होता, तो आता गळ्यातल्या पट्ट्यात अडकवलेला तोच हात सगळ्यांना दाखवत होता.

एका रविवारी मंडळातले एक निवृत्त मास्तर आले होते. गोष्ट ऐकून ते हसले आणि म्हणाले, उष्ण देशातल्या लोकांचे मज्जातंतू जरा नाजूकच असतात. माझ्या मस्तकात तिडीक गेली. फुगेवाले टेबलावर हात आपटून त्यांच्यावर कडाडले, पण ते मला ऐकूच आलं नाही. मी खुर्ची मागे सारली. आता सांगणारच. काय होईल ते होवो.

"दूध संपलंय," बाई म्हणाल्या. "जरा येता का माझ्याबरोबर?"

दुधाचं भांडं टेबलावर भरलेलं होतं. मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. त्यांनी दार लोटलं.

"मी आता खरं सांगणार आहे," मी म्हणालो. "मी घाबरलो नव्हतो. एक क्षणही नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही काठ सोडत नव्हतात, हे त्यांनीच मला सांगितलं. घाबरलेला माणूस काठ सोडून पळतो, एवढं त्यांनाही कळायला हवं होतं. पण त्या मुद्द्याशी आले की ते पुढे विचार करत नाहीत. करायचाच नाही, म्हणून करत नसतील." त्या खिडकीकडे बघत होत्या. "मी तुम्हाला त्यांचा हात म्हणून पाठवलं. तुम्ही त्यांना हात द्यायला उतरलात. हे त्यांना कळलं, तर त्या दिवशी टोपलीत कोण होतं? एक अपंग म्हातारा, ज्याच्यावर बायकोनं माणूस नेमला होता. आत्ता कोण आहे? तुम्ही रोज बघताय. घाबरलेल्या पोराला ते दर रविवारी माफ करतात. मदतीला पाठवलेल्या माणसाला त्यांनी कधी माफ केलं नसतं. मलाही नाही."

बाहेर फुगेवाले मास्तरांना दटावत होते, त्याचा आवाज येत होता. मला माझ्या वडिलांची आठवण झाली. टांग्यातून उतरताना त्यांनी एकदाही माझ्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. नेहमी हात घ्यायचे आणि दुसरीकडे बघायचे.

बाईंनी एक रिकामं भांडं घेतलं, त्यात दूध ओतलं आणि माझ्या हातात दिलं. तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त दार उघडून धरलं.

मी दुधाचं भांडं टेबलावर ठेवलं आणि बसलो नाही. उभ्यानंच मास्तरांना म्हणालो, "तुम्हाला अर्धीच गोष्ट कळली आहे. नाजूक कसले, मज्जातंतू जागेवरच नव्हते. खाली जमीन दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. पाय असे लटपटत होते की टोपली हलत होती. मनात म्हटलं, म्हातारा गेला खड्ड्यात, आपला जीव वाचवा. आणि डोळे मिटून जी उडी टाकली, ती थेट बिटांत."

सगळे हसले. मास्तरही हसले, आणि जरा ओशाळले. पण सगळ्यांत जास्त फुगेवाले हसत होते. बरगड्या दुखत होत्या म्हणून एका हातानं कुशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाई खाली मान घालून केक कापत होत्या.

हसणं ओसरल्यावर फुगेवाले डोळे पुसून मास्तरांकडे वळले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "बघितलंत? इतका प्रामाणिक मुलगा मी माझ्या टोपलीत दुसरा घेतला नाही."